तीन फळं पडली की

घड्याळवालीनं चौथा स्क्रू चिमट्यानं उचलून बशीत ठेवला, बटणांच्या जुन्या खेळाची पाठ नखानं उचकटली आणि तिचा हात सवयीनं जिथं जायचा तिथंच गेला. दोन बटणसेल टुणकन बाहेर आले. आधी सेल, मग बाकीचं. हा तिच्या धंद्यातला पहिला नियम होता आणि एकतीस वर्षांत तो तिनं एकदाही मोडला नव्हता. सेल बाजूला ठेवण्याआधी तिनं ते दिव्याखाली धरले आणि तशीच थांबली.

सेलच्या पाठीवर काळ्या शाईत बारीक आकडे होते, महिना आणि वर्ष. विकलेल्या प्रत्येक सेलवर ती असे आकडे घालायची. "अहो, कालच तर टाकलाय," म्हणत कुणी भांडायला आलं, की त्याचाच सेल त्याला दाखवता यायचा. अक्षर तिचं होतं. तारीख पाच महिन्यांपूर्वीची होती.

खेळ मात्र चाळीसेक वर्षांपूर्वीचा. तळहातावर मावेल एवढा, वर काचेची खिडकी, दोन बाजूंना दोन बटणं. खिडकीत एक माळी टोपली घेऊन उभा आणि झाडावरून टपटप फळं पडताहेत. डावं बटण दाबलं की माळी डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे. तीन फळं जमिनीवर पडली की खेळ संपला. काकांनी परदेशातून आणलेला हा खेळ तेव्हा सगळ्या गल्लीत एकच होता, आणि तो बघायला येणाऱ्या पोरांना बाबा आधी हात धुऊन यायला सांगायचे.

आज सकाळी कचेरीत जाता जाता दादानं तो काउंटरवर ठेवला होता.

"आईच्या कपाटात सापडला. कपड्यांच्या घडीखाली."

"अजून आहे हा? मला वाटलं, बाबांनी कधीच फेकला."

"अर्धं चित्र दिसतं, अर्धं दिसत नाही. आकडे तर नाहीतच. बघ जमलं तर."

"तू स्वतः नाही बघितलास उघडून?"

"मी?" दादा हसला. "मी कधी काही उघडतो का?"

ते खरंच होतं. दादा विजेरीचे सेल बदलायलाही तिच्या दुकानात यायचा. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला की चष्मा रुमालात गुंडाळून आणायचा. साठीला दोन वर्षं कमी असलेला, शाळेच्या कचेरीत आयुष्य काढलेला माणूस. पण पेचकस दिसला की हात मागं घ्यायचा. घरातली मुलं त्यावरून त्याची थट्टा करायची. घड्याळवाली त्या थट्टेत कधी सामील व्हायची नाही. तिला कारण ठाऊक होतं.

तिनं सेल बशीत ठेवले. आईला जाऊन दोन महिने झाले होते. त्याआधी तीन-चार वर्षं आई दर काही महिन्यांनी दुकानात यायची, स्टुलावर बसायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि उठता उठता म्हणायची, "दोन बारके सेल दे गं. यांच्या कॅल्क्युलेटरला हवेत." बाबा जाऊन तेव्हा आठ वर्षं झालेली. गेलेल्या माणसाच्या कॅल्क्युलेटरला सेल कशाला लागतात, हे विचारायचं धाडस मुलीला कधी झालं नाही. आई ते जपून चालू ठेवते, रोज एकदा लावून बघत असेल, असं समजून ती चांगल्यातले सेल काढून द्यायची. नवराबायकोत एवढी माया होती आणि आपल्याला कधी दिसली नाही, असंही तिला वाटायचं.

आता तिला हसू आलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. आई खेळत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई कपड्यांच्या घडीखाली खेळ लपवून फळं झेलत होती.

आणि मग हसू विझलं. या जातीच्या खेळात सगळ्यांत मोठा आकडा सेल असेपर्यंतच राहतो. सेल काढला की पाटी कोरी. काच साफ करून आधी चित्र आणलं असतं, तर आईनं शेवटी किती फळं झेलली ते कोपऱ्यात दिसलं असतं. तिनं नियम पाळला होता आणि आईचा शेवटचा आकडा स्वतःच्या चिमट्यानं पुसून टाकला होता.

"काय केलंस गं बये," ती मोठ्यानं म्हणाली. दुकानात कुणी नव्हतं.

तिनं डोळ्यावर भिंग चढवलं आणि सर्किटची हिरवी पट्टी उचलली. खाली भोंगा होता, पत्र्याची पातळ चकती, रुपयापेक्षा थोडी मोठी. चकतीपासून दोन तारा निघाल्या होत्या. एक पट्टीला जोडलेली होती. दुसरी मोकळी होती.

तुटलेली नव्हती. तुटलेली तार कशी असते, हे तिला झोपेतही ओळखता आलं असतं. केस पिंजारल्यासारखी, टोकाला काळी. ही तार सोल्डरिंगच्या तापलेल्या कावियानं अलगद सोडवली होती, तिचं टोक वळवून त्यावर चिकटपट्टीचा इवलासा तुकडा गुंडाळला होता, कुठं लागू नये म्हणून. पट्टीवरची जागा पुसून सपाट केली होती. आणि त्या जागेशेजारी एक ठिपका होता. टाचणीच्या डोक्याएवढा, हिरव्या लाखेचा.

घड्याळवालीनं भिंग काढलं, पुसलं, पुन्हा चढवलं. ठिपका होता तिथंच होता.

आई रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग करायची. तिथं रांगेत बसणाऱ्या प्रत्येक बाईला लाखेचा एकेक रंग दिलेला होता. जोड दिला, तपासला, की शेजारी आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे पुढं रेडिओ बिघडला तर कुणाचा हात होता ते कळावं. आईचा रंग हिरवा. ती सवय तिच्या अंगात इतकी मुरली होती, की घरातल्या इस्त्रीची वायर जोडली तरी ठिपका, विजेरीची पट्टी वाकवली तरी ठिपका. बाबा म्हणायचे, "उद्या मलाही तपासून ठिपका लावशील." आई म्हणायची, "तपासणीत पास झालात तर ना."

लपून केलेल्या कामावरही ती ठिपका द्यायला विसरली नव्हती. चोरानं घर फोडावं आणि जाताना सही करून जावं, तसंच की हे.

घड्याळवालीनं दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. दुपारी या वेळेला फारसं कुणी येत नाही, पण तिला आत्ता कुणाचंच घड्याळ हातात घ्यायचं नव्हतं.

तेव्हा ती दहा वर्षांची होती, दादा चौदाचा. बाबांची रात्रपाळी असायची. सकाळी घरी यायचे, जेवून झोपायचे ते चारपर्यंत, आणि मधे घरात चमचा पडला तरी उशी फेकायचे. आईची पाळी एकला संपायची. मुलं पाचला शाळेतून यायची. खेळ उंच फळीवर असायचा आणि फक्त रविवारी खाली यायचा. नियम बाबांनी घालून दिलेला होता, तीन फळं पडली की दुसऱ्याची पाळी. दादाचा आकडा दोनशे साठ, तिचा दोनशे दहा. मग एका रविवारी खेळ खाली काढला तर कोपऱ्यात चारशे बारा.

"तू चोरून खेळलीस," दादा म्हणाला.

"तूच खेळलास! माझा हात तरी पोचतो का फळीला?"

दोघांचं आठवडाभर बोलणं बंद होतं. पुढच्या रविवारी खेळ लावला तर फळ झेलल्यावर टिक वाजेना, पडल्यावर भोंगा वाजेना. माळी गुपचूप इकडून तिकडे पळत होता. बाबांनी खेळ कानाशी धरला, हलवला, मुलांकडे पाहिलं.

"आवाज कुठं गेला?"

तेव्हा तिनं तोंड उघडलं होतं.

"मी पाहिलं. काल संध्याकाळी दादाच्या हातात पेचकस होता."

त्यात खोटं काही नव्हतं. तिनं पाहिलंच होतं. पण ते सांगण्याची घाई खरेपणाची नव्हती, चारशे बाराची होती. हे तिला दहाव्या वर्षीही कळत होतं.

"उघडलास?" बाबांनी विचारलं.

"उघडला."

"म्हणजे आवाज तू घालवलास."

"नाही."

"मग कुणी घालवला?"

दादानं एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात आई उभी होती, हात ओले, पदर खोचलेला. मग त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. बाबांनी दोन थपडा दिल्या, दुसरी पहिलीपेक्षा मोठी. "मोडलं त्याचं काही नाही," ते म्हणाले, "पण खोटारडा पोटी आला." हत्यारांच्या पेटीला त्या दिवशी कुलूप लागलं. रेडिओ उघडून पुन्हा जोडणारा, सायकलचं चाक डोळे मिटून काढणारा दादा तांत्रिक शाळेचं नाव काढेनासा झाला. बाबांनीही काढलं नाही. पाच वर्षांनी त्या पेटीची किल्ली धाकटीच्या हातात आली, कारण तिचा हात स्थिर होता आणि ती खरं बोलायची.

तिचं दुकान, काउंटर, भिंग, हा दिवा, सगळं त्या एका रविवारच्या पायावर उभं होतं. हे तिला आजवर माहीत नव्हतं असं नाही. पण दादानं खेळ मोडला होता, एवढा तरी आधार होता. आता तोही गेला.

तिनं काम पुढं चालू ठेवलं, कारण हात रिकामे ठेवून बसणं तिला जमलं नसतं. काच उचलली. काच आणि पट्टी यांच्यामधे रबराची एक बारीक फीत असते. पट्टीतला इशारा तिच्यातूनच काचेपर्यंत पोचतो. ती मळली की चित्र अर्धवट होतं. तिनं काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमधे बुडवला, फीत पुसली, काचेची कड पुसली. तिरप्या उजेडात काचेवर सगळंच दिसत होतं, चार जागांवरचे चार माळी, हवेत लटकलेली वीस फळं. हे माळी कधी हलत नाहीत. चारही जण कायम आपापल्या जागी उभे असतात. इशारा ज्याच्याकडे जातो तेवढाच दिसतो. लहानपणी तिला हे कुणी सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं.

भोंग्याची तार तिनं तशीच ठेवली. कावियाची तार सॉकेटला लावली, मग काढली. ठिपक्याला हात लावायचा तिला धीर झाला नाही.

सेल परत बसवले. खिडकीत माळी उगवला, चारही जागी नीट, आणि कोपऱ्यात शून्य.

दादाला काय सांगायचं, हे तिनं चार वेळा मनाशी जुळवलं. तू मोडला नव्हतास, हे सांगायचं तर पुढचं वाक्य आईचं येणार. शेवटची सात वर्षं आईचं सगळं दादानं केलं होतं, औषधं, दवाखाना, शेवटी आंघोळ आणि रात्री उठवणंही. त्याच आईनं आपल्याला दारात उभं राहून मार खाऊ दिला, हे त्याला या वयात कळायला हवं का? आणि नाही सांगायचं, तर तो मरेपर्यंत खोटारडाच राहणार, आणि तिला ते माहीत असणार. खेळ तिनं पालथा घालून काउंटरवर ठेवला, मग उचलून काच वर केली. मागची पाठ नुसती टेकवली होती. स्क्रू बशीतच होते.

साडेचारला दादा आला. पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला.

"जमलं?"

"चित्र आलं." जुळवलेलं सगळं तिच्या डोक्यातून गेलं. "पण दादा, आकडा गेला. मी आधी सेल काढले. सवयीनं."

"कुठला आकडा?"

"आईचा."

दादा स्टुलावर बसला. आई बसायची त्याच.

"म्हणजे बघितलंस तू," तो म्हणाला. "ठिपका हिरवा आहे का गं अजून? का काळा पडला?"

खेळ काच वर करून ठेवलेला होता. ठिपक्याचं तिनं अक्षरही काढलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"मी उघडला होता ना तो. तू पाहिलंसच की." त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. "शनिवारी गुपचूप खाली काढला तर आवाज येईना, म्हणून उघडला. बघतो तर हिरवा ठिपका. पटकन बंद केला. चारशे बाराचा उलगडा तिथंच झाला."

"मग बाबांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुमची झोप मोडू नये म्हणून तार सोडवून आई दुपारी खेळते? तू बाबांना ओळखत नव्हतीस? खेळ त्याच दिवशी दुसऱ्या कुणाच्या घरी गेला असता, आणि आईला जन्मभर ऐकावं लागलं असतं. सकाळपासून दुसऱ्यांच्या रेडिओत डोकं घालून घरी यायची. एक ते चार तेवढे तिचे. मला दोन थपडा पडल्या, त्या काय, रोजच्याच."

"चोर सोडून संन्याशाला सुळी," ती म्हणाली. "आणि ती गप्प राहिली. दारात उभी राहून बघत राहिली."

"राहिली." दादानं मान डोलावली. "मलाही राग आला होता. बरेच दिवस. मग सुट्टी लागली. तू दुपारी शिवणाच्या वर्गाला जायचीस, आठवतं? एक दिवस तू गेलीस, बाबा घोरत होते, आणि आईनं फळीवरचा खेळ काढून माझ्यापुढं ठेवला. काही बोलली नाही. मीही नाही. पाळीपाळीनं खेळलो. त्या सुट्टीत रोज."

"रोज?"

"पुढच्याही सुट्टीत. मग मोठा झालो, मग कमी झालं. शेवटी शेवटी तिला दिसायचं नाही नीट, काचही पुसट झालेली. मग मी शेजारी बसून सांगायचो, डावीकडे, उजवीकडे, आता खालचं. दोनशेच्या वर काही गेलो नाही आम्ही. तू काही फार मोठं पुसलेलं नाहीस."

घड्याळवालीला वाटलं होतं, आज खरं कळल्यावर दादा रडेल आणि आपण त्याला सावरू. झालं उलटंच. तिला हेवा वाटला. लाज वाटायच्या जागी, सुटका वाटायच्या जागी, लहान मुलीसारखा कोरडा हेवा. चाळीस वर्षं तिला वाटत होतं, की आपण दादाचं काहीतरी घेतलं. हत्यारांची पेटी तिला मिळाली होती, हे खरं. आईच्या त्या दुपारी मात्र दादाला मिळाल्या होत्या.

"मला का नाही बोलावलंत?" तिनं विचारलं.

दादा गोंधळला. मग खरं तेच बोलला. "तू सांगशील असं वाटायचं तिला."

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

"मी चुकले, दादा. तेव्हा."

"तू जे पाहिलंस ते सांगितलंस. मीही एक शब्द खोटा बोललो नव्हतो. तरी खोटारडा मीच." तो हसला. "आज सकाळी मात्र बोललो. कपाटात सापडला म्हणालो ना, तो माझ्याच उशाशी होता. तू उघडशील आणि बघशील, मग बोलता येईल, असं वाटलं. आई असेपर्यंत येत नव्हतं."

तिनं डोळे पुसले, पदरानं नाही, घड्याळाच्या काचा पुसायच्या फडक्यानं. मग खेळ पालथा केला.

"आवाज जोडू? एका मिनिटाचं काम आहे."

"नको. असाच राहू दे."

तिनं बशी त्याच्याकडे सरकवली. बशीत चार स्क्रू होते आणि कडेवर पेचकस.

"लाव मग."

"मी?"

"दुकान माझं आहे. मी सांगतेय."

दादानं हात पँटीला पुसले. पहिला स्क्रू दोनदा निसटला. दुसरा एकदा. तिसरा बोटांना आपोआप सापडला, आणि चौथा त्यानं बसवला तेव्हा पेचकस अंगठा आणि मधल्या बोटात असा फिरला, की घड्याळवालीनं तो हात ओळखला. सायकलचं चाक डोळे मिटून काढणाऱ्या मुलाचा. ती काही बोलली नाही. बोलली असती तर त्यानं पेचकस खाली ठेवला असता.

ती काउंटरला वळसा घालून बाहेर आली, दुसरं स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लागेल अशी. दादानं खेळ सुरू केला. आवाज नव्हता, नुसती बटणांची टिकटिक. माळी डावीकडे, उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. आकडा चाळीसवर गेला, साठवर गेला. एक फळ पडलं. नव्वदला दुसरं पडलं.

"डावीकडे," ती म्हणाली. "आता खालचं."

एकशे तीनवर झाडावरून एकच फळ सुटलं, सावकाश, माळ्याच्या अगदी शेजारच्या जागी. लहान पोरानं झेललं असतं असं. दादाचा अंगठा बटणावर होता. बटण न दाबताच तो अलगद उचलला गेला.

फळ जमिनीवर पडलं. दादानं खेळ तिच्यापुढं धरला.

"घे. तुझी पाळी."

तिनं पाहिलं होतं. या वेळी ती काही बोलली नाही. तिनं खेळ घेतला आणि दोन्ही अंगठे बटणांवर ठेवले.